मंगळवारची चार पावलं

"या वहीत तुम्ही कुठेच नाही," पाहणीच्या बाई म्हणाल्या. आवाज चढवून नाही, ठपका ठेवूनही नाही. नळाला आज पाणी कमी येतंय म्हणावं तितक्या सहज. हे जिला म्हटलं ती स्वयंपाकघराच्या दारात केळं सोलत उभी होती आणि तिच्या गुडघ्याला सव्वादोन वर्षांची गोटी लटकलेली होती. केळं अर्धवट सोललेलंच राहिलं. गोटीला जन्म दिला होता एकीनं, वाढवत होत्या दोघी, आणि कागदावर आई मात्र एकच होती. दुसरीचीही आई म्हणून नोंद व्हावी असा अर्ज दोघींनी मिळून केला होता आणि त्या अर्जाच्या मागोमाग या बाई घरात आल्या होत्या. पहिल्या खेपेला त्यांनी खिडक्यांचे गज पाहिले, औषधांचं कपाट किती उंचावर आहे ते पाहिलं, तिच्या कामाच्या टेबलापुढचं लाकडी फाटक दोनदा उघडून लावून पाहिलं. ते सगळं पसंतीला उतरलं. आज दुसऱ्या खेपेला त्यांनी वही मागितली आणि तिनं ती हौसेनं काढून दिली. डेपोतली लांबट वही, ड्रायव्हरच्या मोठ्या, उजवीकडे कललेल्या अक्षरांनी भरलेली. ड्रायव्हर म्हणजे गोटीची आई. शहरात बस चालवते म्हणून घरात तिचं तेच नाव पडलं होतं. आणि ही दातांच्या कवळ्या आणि कॅपा करते म्हणून ड्रायव्हर हिला कवळीवाली म्हणायची. गोटीच्या लेखी एक आई होती आणि एक माय.

"पहिला दात, रविवार," बाईंनी बोट ठेवून वाचलं. "पहिलं पाऊल, रविवार. पहिला शब्द, रविवार. आणि प्रत्येक ठिकाणी 'मी पाहिलं', 'मी ऐकलं'. हे आईचं अक्षर ना? त्यांची सुट्टी रविवारी. दिवसभर घरी तुम्ही. मुलीला काय कॅलेंडर कळतं?" बाई हसल्या. हसताना त्यांचा वरचा डावा सुळा दिसला. कॅप होती, आणि शेजारच्या दातांपेक्षा एक छटा जास्त पांढरी. कुणीतरी घाईत रंग जुळवला होता. असल्या वेळीही आपलं लक्ष दातांकडेच जावं याची तिला लाज वाटली. "योगायोग," ती म्हणाली. "असंच लिहू?" बाईंनी विचारलं. ती म्हणाली, लिहा. मग बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि जरा थांबून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. या घरात दुसरी आई आहे की हाताखाली मदत करणारी कुणी आहे, हे मला बघून लिहायचं असतं. एवढंच माझं काम. मागच्या खेपेला आई घरात होत्या तेव्हा ही पोरगी उडी मारली की त्यांच्याकडे बघत होती, डबा उघडला की त्यांच्याकडे बघत होती. आज मी दीड तास बसले. मघाशी तिनं स्वतःचा मोजा काढला, पहिल्यांदाच काढला असेल बहुतेक, आणि तुमच्याकडे एकदाही पाहिलं नाही." ती म्हणाली, दिवसभर बरोबर असतो ना आम्ही, म्हणून. "असेल," बाई म्हणाल्या. चपला घालताना त्यांनी सांगितलं की अहवाल उद्या सकाळी जाईल, दोघींनी वाचून त्यावर सही करायची आहे, आणि आज पाचपर्यंत त्या ऑफिसातच आहेत. "काही आठवलं तर फोन करा. माणूस निघून गेल्यावर आठवतं कधीकधी."

दार लावून ती तशीच उभी राहिली. गोटीनं केळं हातातून ओढून घेतलं, उरलेलं साल खाली टाकलं आणि त्यावर बसली. गोटीला उचलावं, पुसावं, साल टाकावं, हे सगळं हातांनी आपोआप केलं. डोकं मात्र त्या दोन शब्दांपाशी अडून बसलं होतं. मदत करणारी. हे शब्द बाईंनी कुठून आणले? ते तिचेच होते. तीन वर्षांपूर्वी, याच स्वयंपाकघरात, ड्रायव्हर म्हणाली होती की आता नाही तर कधीच नाही, मला मूल हवंय. तेव्हा ती भांडी विसळता विसळता म्हणाली होती, तुला हवं तर होऊ दे, मी मदत करीन. नाही म्हणायची छाती नव्हती आणि हो म्हणायची तर त्याहून नव्हती. स्वतःच्या आईशी तिचं कधी पटलं नव्हतं, आणि आपल्या हातून कुणी वाढावं असं आपल्यात काही आहे यावर तिचा विश्वास नव्हता. ड्रायव्हरनं त्या 'मदत'वर काही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून ती पोटावर हात ठेवून बोलताना 'आपलं' म्हणायची आणि 'आपलं'वर जरा जास्तच जोर द्यायची. बाळंतपणाच्या दिवशी दवाखान्यातल्या कागदावर एक रकाना होता, 'सोबत कोण'. तिनं त्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढच्या 'नातं' या रकान्यात पुन्हा 'सोबत' असंच लिहिलं. नर्सनं वाचून कागद ठेवून दिला. मग दोन तासांनी ते टकलं, गोल डोकं तिच्या हातात आलं, आणि ती पार विरघळून गेली. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगणार कोणत्या तोंडानं? मदत करायला आलेल्या माणसानं घरावर हक्क सांगितल्यासारखं ते झालं असतं.

घड्याळात सव्वा वाजला होता. टेबलावर प्लास्टरचे दोन जबडे तिची वाट पाहत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांची खालची दाढ उद्या लॅबवाल्या काकांना द्यायची होती. काका तिला मेणाचं काम घरी नेऊ द्यायचे, भट्टीचं काम तेवढं लॅबमध्ये. फाटक लावून ती आत बसली, दिवा पेटवला, सुरीचं टोक तापवलं आणि मेणाचा थेंब दाढेवर सोडला. गोटी फाटकाच्या दांड्यांना धरून उभी राहिली. प्लास्टरच्या जबड्यांना ती 'हाहा' म्हणायची, कारण सगळे हसतायत असं तिला वाटायचं. "हाहा दे," गोटी म्हणाली. तिनं एक जुना, फुकट गेलेला जबडा दिला. गोटीनं त्याला केळं भरवलं. मेण गार होईपर्यंत थांबावं लागतं. त्या थांबण्यात तिची सव्वादोन वर्षं गेली होती. एरवी तिला ते आवडायचं. आज त्या थांबण्यात सगळं वर येत राहिलं.

दात तिला आधी सापडला होता. गोटी पाच महिने आणि वीस दिवसांची होती. कवळीवालीचं पोटच दातांवर. बोटाच्या टोकाला केसाएवढा उंचवटा कळतो. अंघोळीनंतर हिरडीवरून बोट फिरवताना खालच्या बाजूला तो लागला, रव्याच्या कणाएवढा, खरखरीत. तिच्या अंगावर काटा आला. एरवी ती मेलेल्या दातांची नक्कल करायची; हा जिवंत होता, आतून वर येत होता, कुणी न सांगता. तिनं फोन उचलला, ड्रायव्हरला सांगायला. आणि ठेवून दिला. ड्रायव्हर चौथ्या महिन्यात कामावर परत गेली होती. डेपोत बायकांसाठी एक खोली, तिला कडी नव्हती. दाराला पाठ लावून ती तिथं दूध काढायची आणि बर्फाच्या पिशवीतून घरी आणायची. आदल्याच आठवड्यात ती पिशवी फ्रीजमध्ये ठेवताना ड्रायव्हर म्हणाली होती, "माझं दूध वेळेवर घरी पोचतं बघ. मी पोचत नाही." आणि फ्रीजचं दार उघडं ठेवून रडली होती. तेव्हा तिच्या मनात आलं की दात काय, आज नाही तर रविवारी. तीन दिवस तिनं तोंडातून ब्र काढला नाही. रविवारी ड्रायव्हर चमच्यानं पाणी पाजत होती आणि चमचा टिंग वाजला. "अगं दात! दात आलाय! कवळीवाले, तुझ्या नाकाखाली दात आला आणि तुला पत्ता नाही!" ड्रायव्हर हसून हसून खाली बसली. मग आजीला फोन झाला, डेपोत सांगून झालं, दातवालीला दात दिसला नाही हा घरातला कायमचा विनोद झाला. ती पण हसली. त्या संध्याकाळी ड्रायव्हरनं वही सुरू केली. एवढं सुख एका चमच्यात मिळत असेल तर आपलं काय जातं, असं तिला वाटलं होतं. आपण किती मोठ्या मनाच्या, असंही वाटलं होतं. खोटं कशाला बोलायचं.

पण एकदा सवय लागली की लागली. शब्दाचंही तसंच झालं. गोटी 'दे' म्हणाली बुधवारी, मेणाच्या तुकड्याकडे हात करून, स्वच्छ, टाचणीसारखा 'दे'. वहीत मात्र आहे 'बस', रविवार. आणि दात आणि शब्द यांच्या मधल्या त्या मंगळवारी गोटी पाऊल टाकून गेली. अकरा वाजून गेले होते, ऊन कपाटाच्या पायापर्यंत आलं होतं. गोटी कपाटाची मूठ धरून उभी होती. मूठ सुटली. पोरगी डगमगली नाही. उलट नवल वाटल्यासारखी स्वतःच्या पायांकडे पाहत राहिली. मग एक. मग दोन. तिसऱ्याला दोन्ही हात वर गेले. चौथ्याला फाटकाशी आली. मग बसली. एवढंच. जेव्हा जेव्हा ती हे आठवायची तेव्हा एवढंच आठवायची, आणि 'मग बसली'पाशी येऊन पान उलटायची. पुढचे चार दिवस गोटी कडेवरच जास्त राहिली. रविवारी सकाळी ड्रायव्हर जमिनीवर हात पसरून बसली आणि गोटी तिच्याकडे सहा पावलं चालत गेली. तिनंच फोटो काढला. तो फोटो ड्रायव्हरच्या डेपोतल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे; फोटोत ड्रायव्हरचं तोंड उघडं आहे आणि ती ओरडतेय. फोटो हललेला आला.

मेण फार तापलं आणि दाढेवरून ओघळलं. तिनं दिवा विझवला. आता हा अहवालाचा कागद. बाईंना खरं सांगावं तर ते अहवालात जाणार आणि सहीच्या वेळी ड्रायव्हर ते वाचणार. दोन वर्षं जपलेले तिचे तिन्ही रविवार उद्या सरकारी भाषेत खोटे ठरणार. न सांगावं तर या घरात एक मदतनीस बाई राहते असं लिहून होणार. त्याचा अर्थ काय, ते तिला मागच्या वर्षी कळलं होतं. गोटीचा ताप चढत गेला, झटका आला, ती रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेली, आणि तिथं एक सही हवी होती. "आई कुठाय?" "कामावर. पण मी—" "तुम्ही कोण?" ड्रायव्हर शहराच्या दुसऱ्या टोकाला, बस सोडून येता येईना. चाळीस मिनिटं. डॉक्टर भले होते, जे करायचं ते त्यांनी केलं, पण सुई टोचताना गोटीला धरून ठेवायला आत बोलावलं ते नर्सला. ती काचेबाहेर उभी राहिली आणि गोटी तिच्याकडे हात करून ओरडत राहिली. ड्रायव्हरला उद्या काही झालं तर गोटी आजीकडे जाईल, नाहीतर मामाकडे. तिच्याकडे येणार नाही. म्हणून तर अर्ज. आणि त्या अर्जाच्या मुळावर आलं होतं कोण? तीच. एकेक करून आपल्या हातानं तिनं स्वतःला त्या वहीतून पुसून काढलं होतं. ड्रायव्हरवरच्या प्रेमापोटी, असं ती आजवर मानत आली. पण आज गार झालेल्या मेणाकडे बघताना तिला ते पुरेसं वाटेना. प्रेम होतंच. पण भीतीही होती. माझं म्हटलं की सांभाळायची जबाबदारी आली, चुकायची आली, हरवायची आली. देऊन टाकलं की पाहुणीसारखं राहता येतं. पाहुण्याला कुणी बोल लावत नाही. हे कळायला तिला सव्वादोन वर्षं लागली आणि कळलं तेही परक्या बाईंनी मोज्याचं सांगितल्यावर.

"चल, आईच्या बसमध्ये बसायचं," ती म्हणाली. गोटीनं स्वतःच बूट आणले, उलट्या पायांत घातले आणि दाराशी जाऊन उभी राहिली. बुटाचा पट्टाही लावला होता, वाकडा का होईना. हे कधीपासून यायला लागलं? गोटी दाराकडे तोंड करून उभी होती. झालं का बघ, असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. तिला विचारावंसं वाटलं, पण सव्वादोन वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? तिनं बूट सरळ करून दिले.

ड्रायव्हरच्या बसच्या वेळा तिला पाठ होत्या. दोन वाजून चाळीस मिनिटांनी ती त्यांच्या थांब्यावर येते, सव्वातीनला शेवटच्या थांब्यावर पोचते, तिथं दहा मिनिटं सुट्टी. बस आली. ड्रायव्हरनं त्यांना पाहिलं आणि भुवया उंचावल्या. गाडीवर असताना ती बोलत नाही, तिचा नियम आहे तो. त्या दोघी दारामागच्या पहिल्या सीटवर बसल्या. तिथून ड्रायव्हरची मान दिसते, घामानं चिकटलेले केस दिसतात, आणि वरच्या आरशात दोन डोळे. ते डोळे दर थांब्याला एकदा गोटीवर येऊन जायचे आणि मवाळ व्हायचे. हे सगळं आपण मोडायला निघालोय, तिला वाटलं. उतरावं का पुढच्या थांब्यावर? सहीचा हक्क काय, मिळेल, नाहीतर नाही. आजवर काय अडलं? पण अडलं होतं. काचेबाहेर चाळीस मिनिटं अडलं होतं. एक म्हातारे गृहस्थ चढले, एक शाळकरी मुलींचा घोळका उतरला, लाल दिव्याला बस थरथरत उभी राहिली. गोटी खिडकीला नाक लावून प्रत्येक ट्रकला "टाटा" करत होती.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, सीटवरून वळली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. "काय झालं? पाहणीच्या बाई काही बोलल्या का?"

"वही पाहिली त्यांनी. म्हणाल्या, यात तुम्ही कुठेच नाही."

"म्हणजे काय? अगं, मी लिहिते म्हणून माझं नाव. त्याचं काय एवढं? मी फोन करून सांगते त्यांना, सगळं हीच करते म्हणून."

"त्यांनी विचारलं, सगळं रविवारीच कसं."

"झालं असेल. पोरगी माझी वाट बघते," ड्रायव्हर हसत म्हणाली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायची थांबली. "काय?"

तिनं सांगितलं. दात तीन दिवस आधी, 'दे' बुधवारी, पाऊल मंगळवारी. तिला वाटलं होतं सांगायला फार वेळ लागेल. एक मिनिटही लागलं नाही. ड्रायव्हर बाटलीचं झाकण लावत राहिली. लागलेलं झाकण पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. "म्हणजे मी डेपोभर जे दाखवत फिरले," ती अखेर म्हणाली, "ते शिळं होतं."

"शिळं नव्हतं गं. तू रडत होतीस फ्रीजपाशी. मला वाटलं, तुला—"

"मी मागितलं होतं का तुझ्याकडे?" ड्रायव्हरचा आवाज चढला, आणि गोटी खिडकीतून वळली, तशी तो लगेच खाली आला. "मला कीव केलेली चालत नाही, तुला माहितेय. तू मला फोन करायचा होतास. मी बस बाजूला घेऊन रडले असते, पण माझ्या मुलीचा दात मला तुझ्या तोंडून कळला असता. तोच रविवार झाला असता माझा." तिनं कपाळ पुसलं. मग तिचा सूर बदलला. राग होताच, पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं, हावरं. "बरं. आता सांग. कशी चालली? किती पावलं?"

"चार. कपाटापासून फाटकापर्यंत. तिसऱ्याला हात वर केले."

"हात वर केले!" ड्रायव्हर म्हणाली. डोळे भरले होते तरी ती हसली. "आणि मग? पडली? तू काय केलंस? उचललंस ना?"

मग बसली, एवढं वाक्य तयार होतं. सव्वा वर्ष ते तिनं स्वतःला सांगितलं होतं. ते जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

"मी तिला खाली बसवलं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ती फाटकाशी आली. माझ्याकडे बघत होती. हसत होती, तोंडभर. आणि मला भीती वाटली की मी हसले तर ती परत चालेल, परत परत चालेल, आणि रविवारपर्यंत जुनं होईल. म्हणून मी फाटकावरून हात घालून तिचे खांदे दाबले. बसवलं. ती पुन्हा उठली. पुन्हा बसवलं. मग शनिवारपर्यंत खुर्चीत ठेवलं, पट्टा लावून. नाहीतर कडेवर."

ड्रायव्हरनं बाटली बाजूला ठेवली. तिनं गोटीकडे पाहिलं. गोटी सीटच्या कापडातून एक दोरा ओढून काढण्यात गढून गेली होती.

"म्हणजे ती पहिल्यांदा चालली," ड्रायव्हर हळू म्हणाली, एकेक शब्द तपासून घेत, "तेव्हा कुणालाच आनंद झाला नाही."

"झाला होता," ती म्हणाली. "मला झाला होता गं. इतका झाला होता की माझे हात—"

"मग तिला कसं कळायचं ते?"

याचं उत्तर त्या मंगळवारी द्यायचं होतं, अकरा वाजून गेल्यावर, फाटकाशी, आणि त्याला शब्दही लागले नसते. आपण ड्रायव्हरला रविवार दिले, आपले मंगळवार सोडले, असा हिशोब ती मांडत आली होती. त्यात तिसरं माणूस होतं हे तिनं धरलंच नव्हतं. ते तिसरं माणूस चार पावलं चालून तिच्यापर्यंत आलं, आणि मायजवळ काही नवं करून दाखवायचं नसतं हे शिकून गेलं. मोजा काढून गप्प बसायला शिकलं. पट्टा लावून दाराकडे तोंड करून उभं राहायला शिकलं. पाहणीच्या बाईंना ते दीड तासात दिसलं, आणि तिला सव्वा वर्षात दिसलं नाही.

पहिला उतारू दारात येऊन उभा राहिला. ड्रायव्हर तोंड पुसून पुन्हा पुढे वळली. "पाचपर्यंत आहेत ना त्या?" पाठमोरीच तिनं विचारलं.

"हो."

"सांग त्यांना."

"सगळं?"

"माझे रविवार गेले तर जाऊ देत. ते सांग. आणि हेही सांग. खुर्चीचंही. हे सोडून बाकीचं सांगशील तर ती पुन्हा मदतच झाली." ड्रायव्हरनं चावी फिरवली. "त्यावर त्यांना काय लिहायचं ते लिहू देत."

"हे ऐकून त्या नाही म्हणतील."

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. या वेळी डोळे गोटीवर आले नाहीत, तिच्यावर आले, आणि त्यांत माफी वगैरे काही नव्हती. "म्हणतीलही," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. यापुढे ती बोलणार नव्हती.

बस निघाली. तिनं गोटीला मांडीवर घेतलं, एका हातानं घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं नंबर लावला. पलीकडे दोनदा वाजलं आणि बाईंनीच उचलला. तिनं आपण कोण ते सांगितलं, योगायोग नव्हता म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, थांबा, पेन घेते. इंजिनाच्या आवाजामुळे तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळे पुढच्या सीटवरची मान ऐकत होती, मागचा उतारू ऐकत होता, आणि मांडीवरची गोटी तोंड वर करून, डोळे मोठे करून ऐकत होती, कारण मोठी माणसं अशा आवाजात बोलू लागली की ती गोष्ट असते हे तिला माहीत होतं.

"मंगळवार होता," ती म्हणाली. "अकरा वाजून गेले होते. तिनं कपाटाची मूठ सोडली. आणि चालत आली, माझ्याकडे. चार पावलं. माझ्याचकडे येत होती ती. हसत होती."

पलीकडे बाई थांबल्या होत्या. लिहून झालं असावं.

"मग?" गोटीनं विचारलं.